उंबऱ्यावरचे इनाम

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत कुस्तीचा फड लागतो, तेव्हा इनाम देण्याची एक रीत पाळली जाते. ती कोणी कुठे लिहून ठेवलेली नाही. सुरुवात लहान पोरांच्या रेवडीच्या कुस्त्यांनी होते, दुपार कलते तशा जोडी मोठ्या होत जातात, हलगीचा ठेका चढतो. निवेदक पैलवानाचे गाव, वस्तादाचे नाव आणि इनामाचा आकडा पुकारतो. कुस्ती निकाली झाली की जिंकलेला पोरगा मातीने माखलेल्या अंगानिशी फडाच्या कडेकडेने फिरतो आणि बसलेली माणसे त्याच्या हातात दहाची, पन्नासची, शंभराची नोट ठेवतात. एखादा हौशी शेतकरी पाचशे जाहीर करतो आणि ते ध्वनिक्षेपकावरून साऱ्या फडाला ऐकू जाते. कोणी दिले, किती दिले आणि कशासाठी दिले, हे शेकडो माणसांच्या देखत ठरते, आणि देणाऱ्याचा त्या पोरावरचा हक्क तिथेच संपतो. मला जे म्हणायचे आहे ते या रीतीतूनच निघते. चाहत्याने पैलवानाला जे द्यायचे ते फडात द्यावे. अठरा वर्षांच्या आतल्या पोराच्या घरी, त्याच्या आईबापांपाशी किंवा त्याच्या मोबाइलवर पैसे घेऊन जाऊ नये. आणि ही गोष्ट नुसत्या सभ्यतेवर न सोडता तिचा नियम करावा.

नियमाची गरज का पडते, हे खुराकाच्या हिशेबावरून कळते. चौदा-पंधरा वर्षांच्या होतकरू पैलवानाला दिवसाला दोन लिटर दूध धरले तर साठच्या भावाने एकशेवीस रुपये होतात. शंभर ग्रॅम बदामाचे नव्वद, तेवढ्याच तुपाचे सत्तर, फळे-अंडी-थंडाईचे ऐंशी. दिवसाचे ३६० आणि वर्षाचे सुमारे १ लाख ३० हजार. आता हा आकडा लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याच्या भाषेत मांडू. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या भावाने एका पोराचा वर्षाचा खुराक म्हणजे साडेसव्वीस क्विंटल सोयाबीन. एकरी सात क्विंटल उतारा धरला तर जवळजवळ चार एकरांचे सगळे पीक, तेही बियाणे, फवारणी, काढणी यांचा खर्च वजा न करता. हमीभाव पदरात पडला नाही तर आणखी एखादा एकर धरावा लागेल. आपल्याकडच्या बहुतेक पैलवानांच्या घरी एवढी जमीनही नसते. अशा घराच्या उंबऱ्यावर कोणी येऊन ‘पोराच्या खुराकाचं आमच्यावर सोडा’ म्हणतो, तेव्हा त्या बापाला नाही म्हणण्याची सोय कितीशी उरते?

येणारा माणूस वाईटच असतो असे मी म्हणत नाही. बऱ्याचदा तो खरा कुस्तीशौकीन असतो. स्वतःला तालीम सोडावी लागल्याची हळहळ त्याच्या मनात असते आणि पोराचे भले व्हावे असेच त्याला वाटते. पण दारात दिलेल्या पैशाला फडातल्या पैशासारखा शेवट नसतो. तो दर महिन्याला येत राहतो आणि त्याच्याबरोबर देणाऱ्याची इच्छाही येत राहते. अमक्याच तालमीत ठेवा, तमक्या यात्रेत लढवा, या वर्षी आमच्या गावाच्या नावाने उतरवा. मग वाढदिवसाच्या फलकावर पोराचा फोटो येतो, निवडणुकीच्या फेरीत पोरगा पुढे चालू लागतो. दहावीनंतर कोणत्या कॉलेजात नाव घालायचे, हेही बापाऐवजी तोच ठरवू लागतो. खुराक थांबेल या भीतीने घरातले कोणी बोलत नाही. वस्तादाचा शब्द हळूहळू मागे पडतो, आणि ज्या खेळात गुरूच्या शब्दावर शरीर घडते तिथे हे नुकसान मोठे आहे. याहून वाईट शक्यताही आहे. एकाच माणसाचे पैसे दोन पैलवानांच्या घरी जात असतील आणि तीच जोड फडात लागली, तर नुरा, म्हणजे आधीच ठरवून केलेल्या, कुस्तीचा संशय कोणी आणि कसा फेडायचा? पोरगे जिवाच्या आकांताने लढले तरी तो संशय त्यांच्या अंगाला चिकटतो, आणि तो उंबऱ्यावरच्या व्यवहारातून आलेला असतो.

या प्रश्नाशी सर्वांत जास्त काळ झुंजलेला देश म्हणजे अमेरिका. तिथे कॉलेजचे फुटबॉल आणि बास्केटबॉल हा लाखो लोकांच्या निष्ठेचा विषय आहे. शाळेतला चांगला खेळाडू आपल्याच कॉलेजात यावा म्हणून श्रीमंत माजी विद्यार्थी त्याच्या घरी पोचत, कोणी रोकड देई, कोणी मोटार. म्हणून तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने नियम केला की कॉलेजचा आर्थिक पाठीराखा असलेल्या कोणाही माणसाने भरतीतल्या खेळाडूशी किंवा त्याच्या घरच्यांशी संपर्क साधू नये. आणि एकदा पाठीराखा ठरलेला माणूस कायमचा पाठीराखा. टेक्सासमधल्या सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठात पाठीराख्याच्या गुप्त निधीतून खेळाडूंना पैसे जात होते. ते उघड झाल्यावर त्या विद्यापीठाचा १९८७ चा संपूर्ण फुटबॉल हंगाम रद्द करण्यात आला आणि पुढची कित्येक वर्षे तो संघ उभा राहू शकला नाही. पण त्या व्यवस्थेत एक मोठा दोष होता. खेळाडूच्या घामावर विद्यापीठे आणि दूरचित्रवाणीवाले कोट्यवधी डॉलर मिळवत होते आणि खेळाडूला मात्र शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्याची बंदी होती. देणाऱ्याच्या पापाची शिक्षाही बव्हंशी खेळणाऱ्यांनीच भोगली. २०२१ साली खेळाडूला स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमावण्याची मोकळीक मिळाली, तर चाहत्यांनी वर्गणीचे गट काढून तोच जुना पैसा नव्या दाराने आत आणला. आता २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात, आणि बाहेरच्या माणसाशी झालेला ६०० डॉलर वा त्याहून मोठा करार खेळाडूला नोंदवावा लागतो. चाळीस वर्षांची फरपट सोसून ते आले कुठे? कोणी दिले, किती दिले, कशासाठी दिले, या माळेगावच्या फडातल्या तीन प्रश्नांपाशीच. आपण त्यांच्याकडून अंतराचा नियम घ्यावा, खेळाडूला उपाशी ठेवण्याचा नियम घेऊ नये.

दारावरच्या देणगीत आणखी एक धोका आहे आणि त्याकडे आपल्या गावांचे लक्ष पुरेसे गेलेले नाही. पूर्वी चाहता म्हैस द्यायचा, तुपाचा डबा द्यायचा. आता प्रोटीनचा डबा देतो. त्यावर काय छापले आहे ते देणाऱ्याला कळत नाही, घेणाऱ्यालाही कळत नाही. उत्तेजक द्रव्यांविषयीचा नियम मात्र स्वच्छ आहे. शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर चाचणीत दोषी ठरला. आपल्या अन्नात कोणीतरी मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. देशातल्या समितीने ते मानले, पण आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने मानले नाही. चार वर्षांची बंदी आली आणि त्याची ऑलिम्पिकची कुस्ती झालीच नाही. इतक्या नावाजलेल्या मल्लाला अन्नाचा माग सिद्ध करता आला नाही, तिथे उदगीर किंवा मुखेड तालुक्यातल्या सोळा वर्षांच्या पोराचा बाप, हा डबा कोणी आणला होता, हे कुठल्या कागदावर दाखवणार? चाहता प्रेमाने डबा देऊन जातो, कारकीर्द मात्र पोराची जाते.

यावर पहिला आक्षेप येईल तो पोटाचा. चाहत्याला दारातून परतवले तर गरिबाचे पोर पैलवान होणार कसे? आक्षेप खरा आहे. मराठी कुस्ती आश्रयावरच वाढली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात तालमी पोसल्या, खासबागेचे मैदान उभारले आणि दूरदूरच्या मल्लांना ठाव दिला. पण तो आश्रय तालमीला आणि मैदानाला होता, साऱ्या संस्थानाच्या डोळ्यांसमोर होता. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला निघाले तेव्हा पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेऊन परतले, त्यांची मिरवणूक १५१ बैलगाड्यांची निघाली, आणि पुढे त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवून ते कर्ज फेडले. प्राचार्यांनी विद्यार्थ्याला दिलेले पैसे होते, पण ते कर्ज म्हणून दिले आणि कर्ज म्हणूनच फेडले गेले. रक्कम माहीत होती, देणारा माहीत होता, बदल्यात काही मागितलेले नव्हते. मला चाहत्याचा हात अडवायचा नाही, तो कुठल्या वाटेने जावा एवढेच ठरवायचे आहे. लातूरच्या व्यापाऱ्याला चार पोरांचा खुराक चालवायचा असेल तर त्याने तो तालमीच्या खात्यात भरावा, आणि कोणत्या पोराला किती दूध लागते ते वस्तादाने ठरवावे.

इथे मराठवाड्यातला वाचक थांबवून विचारेल की वस्ताद कोण मोठा धुतल्या तांदळासारखा? तालमीचे खाते वस्तादाच्या घरी वळले तर? हा आक्षेप मला पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. आपली तालीम विश्वासावर चालते आणि विश्वासाला वहीची सवय नसते. पण त्याच विश्वासाने या भागाला काय दिले तेही पाहावे. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या तालमीत घडले, १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, १९७० च्या एडिंबरो राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले, १९७७ साली बेळगावात दिल्लीच्या सतपाल पैलवानाला हरवले. पुढे पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत ते स्वतः वस्ताद, पोरांचे ‘मामा’, होऊन बसले. त्यांच्या हाताखाली लातूरचेच काका पवार तयार झाले आणि बीड जिल्ह्यातला राहुल आवारे तयार झाला. राहुल पुढे काका पवारांच्या तालमीतून २०१८ ला राष्ट्रकुल सुवर्णपदकापर्यंत आणि २०१९ ला जागतिक कांस्यपदकापर्यंत पोचला. तीन पिढ्यांची ही साखळी वस्ताद आणि शिष्य यांच्या नात्याने बांधलेली आहे. ते नाते टिकवायचे तर वस्तादानेही वही ठेवली पाहिजे, खात्यावर पालकांपैकी एकाची सही पाहिजे, आणि वर्षातून एकदा, यात्रेच्याच दिवशी, जमाखर्च फडात वाचून दाखवला पाहिजे. इनामाचा आकडा पुकारणाऱ्या निवेदकाला हे जड जाऊ नये.

दुसरे कोणी म्हणतील की बापाने कोणाचे पैसे घ्यावेत हे सांगणारा क्रीडा संघ कोण? खरेच, बापाला सांगण्याचा त्याला अधिकार नाही, आणि म्हणूनच नियमाने बापाला किंवा पोराला हात लावू नये. नियम देणाऱ्यावर असावा. उंबऱ्यावर पैसे घेऊन जाणाऱ्या माणसाला यात्रेच्या पंचकमिटीत जागा देऊ नये, त्याचे जाहीर इनाम तीन वर्षे घेऊ नये, जिल्हा संघाच्या मंचावर त्याचा सत्कार करू नये. फडात नाव पुकारले जाण्याची आस ज्याला आहे, त्याला ही शिक्षा पुरेशी लागते. पोराची कुस्ती मात्र कोणत्याही कारणाने अडवू नये. अमेरिकेची चूक नेमकी तिथे झाली होती.

मुलींच्या बाबतीत तर या अंतराला पर्यायच नाही. गावोगावच्या फडांत आता मुलींच्या कुस्त्या लागतात आणि त्यांच्या घरीही ‘आम्ही बघतो’ म्हणणारे पोचतात. २०२३ साली देशातल्या अव्वल महिला मल्लांना लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीच्या जंतरमंतरवर धरणे धरून बसावे लागले. ज्यांच्या हाती निवड आणि संधी आहे त्यांच्यापुढे जागतिक पदकविजेतीसुद्धा किती एकटी पडते, ते साऱ्या देशाने पाहिले. तिथे नववीतल्या मुलीला रात्री दहा वाजता ‘उद्याच्या कुस्तीला शुभेच्छा’ असा अनोळखी माणसाचा संदेश येतो, तेव्हा त्याला उत्तर द्यावे की नाही, हे तिच्या एकटीवर सोडणे अन्याय आहे. शुभेच्छा तालमीच्या क्रमांकावर याव्यात, वस्तादाने त्या वाचून दाखवाव्यात. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेचे धोरण आखायला सांगितले आहे. पण दिल्लीतला कागद माळेगावच्या फडापर्यंत यायला वेळ लागेल. तोवर नांदेड आणि लातूरच्या जिल्हा कुस्तीगीर संघांना, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला आणि यात्रा कमिट्यांना एक पान लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. मार्गशीर्षात माळेगावला देवस्वारी निघते, मग फड लागतो. जोडी पुकारण्याआधी निवेदकाने ते पान वाचावे आणि शेजारच्या टेबलावर वही उघडून ठेवावी. ज्याला पोराच्या खुराकाला द्यायचे आहे त्याने तिथे येऊन नाव, गाव आणि आकडा लिहावा.