मदतीच्या जलशात दान कोणाचे?

एखाद्या अनाथगृहासाठी, दवाखान्यासाठी, किंवा पुराने घर वाहून गेलेल्या कुटुंबांसाठी पैसा उभा करावयाचा असला, म्हणजे चांगल्या गवयास बोलावून गायनाचा जलसा करावा, तिकिटे लावावी, आणि खर्च वजा जाता जी रक्कम उरेल ती त्या कार्यास द्यावी, ही रीत शहरांत जुनी आहे. आता ती तालुक्याच्या गावी व खेड्यांतही येऊन पोचली आहे. कोल्हापूरच्या मुलखात तर तिला विशेष अनुकूल भूमी सापडते. ज्या नगरात १८८३ पासून गायन समाज देवल क्लब चालत आला, आणि जेथे शाहू महाराजांच्या पदरी अल्लादिया खाँसाहेबांसारखे गवई होते, तेथील शेतकऱ्यालाही सुराची ओळख असते.

अशा जलशाच्या शेवटी आभार मानण्यात येतात, हार घातले जातात, आणि उदार दात्यांची नावे मोठ्याने वाचली जातात. तेथेच आमचा प्रश्न उभा राहतो. त्या रात्री दान केले ते कोणी? पैसे देऊन गाणे ऐकणाऱ्याने, पैसे न घेता गाणाऱ्याने, की दोघांस एकत्र आणणाऱ्या चिटणिसाने? प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. परंतु ज्यांस आपल्या देण्याचा हिशेब मनुष्यापुढे नव्हे, देवापुढे द्यावयाचा आहे, त्यांनी तो टाळू नये.

ह्या रीतीचे आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेले उदाहरण घडून शंभराहून अधिक वर्षे झाली, आणि त्यातील एक नायक कोल्हापूरचाच होता. केशवराव भोसले ह्यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घरच्या गरिबीमुळे अगदी लहानपणीच ते नाटक मंडळीत गेले, आणि १९०८ साली त्यांनी 'ललितकलादर्श' ही आपली स्वतःची मंडळी काढली. दुसऱ्या बाजूस नारायणराव राजहंस, ज्यांस सारा महाराष्ट्र बालगंधर्व म्हणून ओळखतो, त्यांची 'गंधर्व नाटक मंडळी' होती. दोन्ही मंडळ्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी असून रसिकांतही दोन तट पडले होते. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी देशभर एक कोटी रुपये जमविण्याचा संकल्प झाला. त्या फंडाच्या मदतीसाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात ह्या दोघांनी वैर बाजूस ठेवून खाडिलकरांचे 'मानापमान' एकत्र केले. बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव धैर्यधर झाले. ते नाटक होते खरे, पण लोक लोटले ते गाणे ऐकावयास. आणि त्या पदांच्या चाली कोल्हापूरकडच्याच गोविंदराव टेंबे ह्यांनी दिलेल्या होत्या. तिकिटांचे दर नेहमीपेक्षा कितीतरी चढे असूनही नाट्यगृह भरून गेले. त्या एका रात्रीचे उत्पन्न सोळा हजार रुपयांच्या घरात गेले. त्या काळचा खेड्यातील शाळामास्तर जन्मभर नोकरी करून एवढी रक्कम मिळवीत नसे.

आता पाहा. त्या रात्री जे प्रेक्षक आले त्यांनी फंडास पैसा दिला, ह्यात संशय नाही. पण त्यांना त्याच्या मोबदल्यात जे मिळाले, ते पुढे कोणास कितीही पैसे देऊन मिळणारे नव्हते. कारण तीन महिने पुरते लोटले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव वयाच्या एकतिसाव्या वर्षी विषमज्वराने वारले. (शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधविलेल्या पॅलेस थिएटरला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते नाट्यगृह आगीत जळाले, ही गोष्ट वाचकांच्या स्मरणात असेलच.) तेव्हा प्रेक्षकांनी एक अमोल वस्तू विकत घेतली असे म्हणणे अधिक बरोबर होईल. ज्यांनी हातचे सोडले ते त्या दोन मंडळ्यांचे लोक. नाटक मंडळी म्हणजे एक फिरते गाव असे. त्यात नट असत, साथीदार असत, पडदे ओढणारे, कपडे सांभाळणारे, आचारी, गाडीवान असत. आणि खेळाच्या उत्पन्नावर त्या सर्वांचे पोट चाले. एका भरलेल्या रात्रीचे उत्पन्न देऊन टाकणे ही त्यांस लहान गोष्ट नव्हती.

कोणी म्हणेल, असा कीस काढून काय उपयोग? उपाशी मनुष्यास भाकर मिळाली म्हणजे झाले. ती दानाने आली की विक्रीने, हे तो कशाला विचारील? ह्या म्हणण्यात पुष्कळ सत्य आहे. आयर्लंडातील डब्लिन शहरी १३ एप्रिल १७४२ रोजी हँडेल ह्या संगीतकाराने प्रभु येशूच्या चरित्रावरील आपले 'मसीहा' हे प्रसिद्ध गायन प्रथम लोकांपुढे केले, ते तीन धर्मकार्यांच्या मदतीसाठी होते, आणि त्यातील एक कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांची सुटका हे होते. जागा पुरावी म्हणून स्त्रियांनी घागऱ्यांतील कड्या काढून यावे व पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्या अशी विनंती करण्यात आली होती. सुमारे सातशे लोक दाटीने बसले. त्या उत्पन्नातून १४२ कर्जदार तुरुंगातून सुटले असे नमूद आहे. (तेथील एका मोठ्या देवळाच्या मुख्य पाळकाने आपल्या गायकांना ह्या कामी जाऊ देण्यास प्रथम हरकत घेतली होती, आणि मग ती मागे घेतली. वडील मंडळींच्या हरकती सर्व देशांत सारख्याच!) जो कर्जदार त्या दिवशी आपल्या मुलाबाळांत परत गेला त्याला, प्रेक्षकांच्या मनात भूतदया किती होती व गाण्याची हौस किती होती, हे मोजण्याचे कारण नव्हते. तेव्हा हौसेचा पैसा धर्मकार्यास लावणे ह्यात दोष नाही, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो.

परंतु घेणाऱ्याची गोष्ट वेगळी आणि देणाऱ्याची वेगळी. ज्याने दोनशे रुपयांचे तिकीट घेऊन तीन तास गाणे ऐकले तो घरी जाताना मनात म्हणतो, 'यंदाचे माझे दान झाले.' पुढच्या आठवड्यात त्याच कार्यासाठी कोणी दारात आला, तर तो त्यास म्हणतो, 'आम्ही तिकीट घेतले होते की!' येथे हानी होते. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेला त्यांच्या मोबदल्यात काही ऐकावयास मिळाले नव्हते. तिकीट हे दान नव्हे असे नाही. पण त्यातील किती भाग गाण्याची किंमत व किती भाग दान, हे ज्याचे त्याने प्रामाणिकपणे ठरवावे, आणि दानाचा भाग थोडा निघाला तर बाकीचे अजून देणे राहिले आहे असे समजावे.

ह्या बाबतीत आपल्याच जिल्ह्यातील दुसऱ्या एका गवयाचे चरित्र फार विचार करण्याजोगे आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर हे कुरुंदवाडचे. जन्म १८७२. बालपणी दारूकामाच्या अपघाताने डोळे अधू झाले, म्हणून मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकावयास राहिले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. राजाच्या कृपेवर न राहता लोकांच्या पैशाने संगीताची शाळा चालवावी हा त्यांचा निश्चय होता. त्यांच्या विद्यालयात विद्यार्थी तयार करून गावोगाव पाठविण्यासाठी एक उपदेशक वर्गही होता, हे आमच्या उपदेशक बंधूंस ऐकून कौतुक वाटेल. १९०८ साली त्यांनी मुंबईस विद्यालय काढले, पुढे कर्ज काढून मोठी इमारत बांधली, आणि ते कर्ज फेडण्यासाठी हा मनुष्य देशभर जलसे करीत फिरला. लोक गर्दी करीत, जयजयकार करीत. कर्ज मात्र फिटले नाही, आणि शेवटी सावकारांनी ती इमारत लिलावात काढली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी ते मिरजेस वारले.

जे लोक त्यांचे गाणे ऐकून डोलले त्यांपैकी अर्ध्यांनीही दरसाल ठरावीक चार आणे त्या शाळेस दिले असते, तर कदाचित निराळे झाले असते. जलशाचा पैसा वळिवासारखा येतो. त्याने ओढा भरतो, पण विहिरीला झरा फुटत नाही. ज्या अनाथगृहात मुलांना रोज दोन वेळा जेवावयाचे आहे त्याने वर्षाकाठी एका जलशावर भिस्त ठेवू नये. घरोघरी चुलीपाशी ठेवलेल्या मडक्यातील मूठभर धान्याने जे होते ते एका रात्रीच्या तिकिटांनी होत नाही.

आता गवयाकडे पाहू. संस्थानांच्या काळी गवयास दरबारातून नेमणूक असे. त्याने एक रात्र धर्मकार्यासाठी गायिले, तर त्याची चूल थंड पडत नसे. आज दरबार नाहीत. आजच्या पुष्कळ गवयांचे पोट बिदागीवर व शिकवण्यांवर चालते. म्हणून जेव्हा आपण त्याच्या दारी जाऊन 'धर्मकार्य आहे, बुवा, काही घेऊ नका' म्हणतो, तेव्हा त्याच्याकडून आपण पूर्वीपेक्षा अधिक मागत असतो. नावाजलेला गवई हे सोसू शकेल, आणि पुष्कळ जण आनंदाने सोसतातही. पण त्याच्या मागे बसणारा तबलजी, पेटीवाला, तंबोऱ्यावर बसलेला शिष्य, गाद्या घालणारा व दिवे लावणारा गडी, ह्यांना कोणी विचारले आहे काय? मुख्य गवयाने 'काही नको' म्हटले की त्यांच्या तोंडाला आपोआप कुलूप लागते. ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही त्याच्या मजुरीला दान म्हणणे हे सत्याला धरून नाही. खेड्यात तर हे अधिकच घडते. कारण तेथे वाजविणारा बहुधा गरिबातला गरीब असतो, आणि मागणारा पाळक, पाटील किंवा शाळामास्तर असतो.

दावीद राजाची गोष्ट येथे आठवते. अरवना यबूसी आपले खळे, बैल व लाकडे राजाला फुकट देण्यास तयार होता. राजाने ते घेतले असते तर कोणी नावे ठेवली नसती. पण ज्याला आपले काही खर्चले नाही असा होम देवाला करावयाचा नाही म्हणून त्याने पन्नास शेकेल रुपे मोजून दिले. जलसा करणारा चिटणीस पुष्कळदा ह्याच्या उलट करतो. गाणे गवयाचे, मेहनत तबलजीची, पैसा ऐकणाऱ्याचा, आणि हार त्याच्या गळ्यात! आम्ही चिटणिसांची थट्टा करीत नाही. कागद छापणे, परवानगी काढणे, दारोदार तिकिटे खपविणे हे फार कष्टाचे व आभार न मिळणारे काम आहे. पण परक्याच्या घामाने उदार होण्याचा मोह सर्वांत अधिक त्यालाच असतो, म्हणून सावधगिरीही त्यालाच सर्वांत अधिक पाहिजे.

आणि हिशेब. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्क शहरी बांगलादेशातील निर्वासितांच्या मदतीसाठी मोठा जलसा झाला. पंडित रविशंकर ह्यांनी आपला इंग्रज मित्र जॉर्ज हॅरिसन ह्याजकडे ही गोष्ट काढली, आणि सतारीवर ते, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखा असे तिघे तेथे बसले. दारावर जमलेला सुमारे अडीच लाख डॉलरांचा पैसा मुलांच्या मदतीसाठी दिला गेला. परंतु त्या जलशाच्या तबकड्या व चित्रपट ह्यांपासून आलेला मोठा पैसा, आगाऊ कायदेशीर व्यवस्था न केल्यामुळे, करखात्याच्या वादात वर्षानुवर्षे अडकून पडला. हेतू निर्मळ होता, गाणारे जगप्रसिद्ध होते, आणि तरीही उपाशी मुलाच्या वाट्याची भाकर कागदात अडकली. मग आमच्या खेड्यातील मंडळीने 'आपसातलेच लोक आहेत, हिशेब कशाला' म्हणावे हे कितपत शहाणपणाचे?

कित्येक वडीलधारे विचारतील की, ख्रिस्ती मंडळीने रागदारीच्या जलशात पडावेच कशाला? ह्याचे उत्तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपल्या भजनांनी व कीर्तनांनी केव्हाच देऊन ठेवले आहे, म्हणून त्यावर आम्ही शाई खर्चीत नाही.

ज्या मंडळ्यांचा ह्या हिवाळ्यात असा जलसा करण्याचा विचार असेल त्यांस आमची सूचना एवढीच आहे की, प्रथम साथीदारांची व गड्यांची बिदागी ठरवून ती जलशापूर्वी त्यांच्या हाती द्यावी, आणि तिचा खर्च तिकिटांतून न काढता चालक मंडळीने आपल्या खिशातून वर्गणी करून भागवावा. गवयास काय घेणार हे एकांतात विचारावे, चारचौघांत विचारू नये. तिकिटांचे उत्पन्न, झालेला खर्च आणि दिलेली रक्कम हे तीन आकडे कागदावर लिहून पुढल्या रविवारी देवळाच्या दारावर लावावे. आणि तबलजीने मिळालेल्या बिदागीतून आपल्या खुशीने काही पेटीत टाकले, तर आभाराच्या वेळी त्याचे नाव गवयाच्या नावापाठोपाठ, तिकीटवाल्यांच्या आधी वाचावे.