मद्य, निराशा आणि आपली जबाबदारी

देवास जिल्ह्यातील नेमावर हे गाव नर्मदेच्या उत्तर तीरावर आहे. नर्मदेच्या दोन्ही तीरांपासून पाच किलोमीटरच्या आत दारूचे दुकान असू नये, असे मध्य प्रदेश सरकारने २०१७ साली ठरविले. निर्णय चांगलाच होता. परंतु अशा गावातील मुलगा बारावीनंतर कॉलेजसाठी इंदूरला किंवा देवासला जातो, तेव्हा ती मर्यादा मागे राहते. खोली भाड्याची, सोबती नवे, अभ्यास कठीण. एकवीस वर्षांखालील मुलाला दारू विकण्यास तेथे कायद्याने बंदी आहे; पण पहिला पेला बहुधा दुकानदार देत नाही, मित्र देतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ साली देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी स्वतःचे जीवन संपविले. त्यांपैकी १,८३४ महाराष्ट्रातील व १,३०८ मध्य प्रदेशातील होते. या सर्वांच्या मागे दारू होती, असे नव्हे. अशा मृत्यूला क्वचितच एकच कारण असते. तथापि दारू व आत्महत्या यांचा संबंध जगभरच्या वैद्यांना चांगला परिचित आहे. दारू प्रथम मन हलके करते आणि मग अधिक खिन्न करते. झोप बिघडवते. विवेकाचा लगाम सैल करते. सकाळी जे दुःख सोसवले असते, तेच रात्री नशेत असह्य वाटते, आणि दुसरा मार्ग दिसेनासा होतो. पुष्कळदा असा निर्णय घटकाभराच्या आवेगात घेतला जातो. ती घटका टळली, तर बहुतेक माणसे पुढे जगतात.

मग दोष कोणाचा? काही म्हणतात, त्याचाच. पहिला पेला त्याने आपल्या हाताने उचलला. काही म्हणतात, परिस्थितीचा. तो बिचारा काय करणार? पहिल्या उत्तराने मुलगा लपून बसतो. दुसऱ्याने तो केवळ कीव करण्याजोगा ठरतो, आणि आपणही मोकळे होतो. खरे पाहता मनुष्याचे स्वातंत्र्य सर्वकाळ सारखे नसते. पहिल्या पेल्याच्या वेळी त्याला निवड करता येत होती. निराशेच्या रात्री ती शक्ती क्षीण झालेली असते. ज्याची शक्ती कमी झाली, त्याच्या जवळच्यांची जबाबदारी तितकीच वाढते. म्हणून ‘दोष कोणाचा’ हा प्रश्न मागाहूनचा. प्रथम प्रश्न, ‘त्याच्याजवळ कोण आहे?’

फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याची गोष्ट आपण शब्बाथशाळेत शिकवतो. तो स्वतःचा घात करणार, इतक्यात पौलाने मोठ्याने ओरडून त्याला थांबविले. त्या अधिकाऱ्यानेच पौलाचे पाय खोड्यात अडकविले होते. तरी पौलाने त्याचा हिशेब मांडला नाही. प्रथम जीव वाचविला, बोध मागाहून केला. आपल्या कायद्यानेही हीच दिशा धरली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणाऱ्यास तीव्र ताणाखाली असलेला मनुष्य मानले. शिक्षेऐवजी त्याची शुश्रूषा करणे हे सरकारचे कर्तव्य ठरविले.

आपल्या मंडळ्यांत दारूविरुद्ध उपदेश होतो, व तो व्हावाच. पण ज्याने आधीच घेतली आहे, तो त्या उपदेशानंतर कोणाकडे जाईल? नापास झालेल्या आणि पिऊ लागलेल्या मुलाजवळ दोन गुपिते असतात. दोन्ही सांगण्यासारखे एकही घर नसेल, तर आपला उपदेश अपुराच म्हटला पाहिजे.

शिक्षकबंधुभगिनींनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या. मुलगा अबोल झाला, जवळच्या वस्तू वाटून टाकू लागला, ‘माझा भार कशाला’ असे बोलू लागला, तर त्याला सरळ विचारावे, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट ओझे हलके होते. तो नशेत असेल तर वाद घालू नये, एकटे सोडू नये, अपायकारक वस्तू दूर ठेवाव्या. शुद्धीवर आला की डॉक्टरांकडे न्यावे. १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर २०२२ पासून रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो; मराठीतही मिळतो.

मुलगा शिक्षणासाठी घर सोडतो, त्या दिवशी आपण त्याला प्रार्थना व शिदोरी देतोच. त्याबरोबर एवढेही सांगावे, ‘पास हो वा नापास हो, हातून काहीही घडो, कितीही रात्र झाली तरी फोन कर.’ आणि ज्याने हे सांगितले, त्याने तो फोन उचलावा.