राजानं आधी काय द्यावं

वर्षावासात आमच्या विहारात दीघनिकायातलं कूटदन्त सुत्त वाचलं, तेव्हापासून एक प्रश्न माझ्या कामात रोज आडवा येतो. मी किनवट तालुक्यातल्या इस्लापूरच्या भागात 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची सीआरपी, म्हणजे समुदाय संसाधन व्यक्ती आहे. महिला बचत गटांच्या बैठका घ्यायच्या, दप्तर लिहायचं, बायकांना बँकेत घेऊन जायचं. सरळ सांगायचं तर गरीब बायकांच्या नावावर कर्ज चढवायला मी मदत करते. आणि अनाथपिंडिक या उपासकाला भगवान बुद्धांनी गृहस्थाची जी चार सुखं सांगितली, त्यांतलं एक आहे कुणाचंही देणं नसणं. दुसऱ्या एका सुत्तात ते पायरी-पायरीनं सांगतात: दारिद्र्य हे दुःख, त्यापायी काढलेलं कर्ज हे दुःख, मग व्याज, तगादा, पाठलाग, शेवटी बंधन. आमच्या तालुक्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हप्त्याच्या दिवशी खासगी फायनान्सचा माणूस ओट्यावर येऊन बसतो, पैसे मिळेपर्यंत उठत नाही, आणि सगळी गल्ली बघत असते. मग माझी आजीविका सम्यक म्हणावी का?

कूटदन्त सुत्तानं मला या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली. कूटदन्त ब्राह्मणाला मोठा यज्ञ करायचा असतो. भगवंत त्याला महाविजित राजाची गोष्ट सांगतात. त्यालाही यज्ञच करायचा होता, पण त्याच्या राज्यात चोऱ्या, वाटमारी माजलेली. पुरोहित राजाला सांगतो, नवा कर बसवू नका. फाशी-तुरुंगानंही हे थांबणार नाही, उरलेले पुन्हा त्रास देतीलच. जे शेती-गुरं करतात त्यांना बी-बियाणं आणि चारा द्या, जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्या, जे नोकरीत आहेत त्यांना अन्न-वेतन द्या. राजानं तसं केलं. लोक आपापल्या कामाला लागले, लेकरं खेळवत, घराची दारं उघडी टाकून राहू लागले.

म्हणजे ज्या धम्मानं कर्जाला दुःख म्हटलं, त्याच धम्मानं भांडवल देण्याची जबाबदारी राजावर टाकली. पाचव्या शतकात बुद्धघोषांनी अट्ठकथेत, म्हणजे सुत्तांवरच्या भाष्यात, हे आणखी उघड केलं: साक्षीदार न ठेवता, पानावर न नोंदवता, परत न मागता द्यावं. हे वाचून मी थबकले. आमच्याकडे आधार, पॅन, उद्यम नोंदणी, कोटेशन, सिबिल आणि जामीनदाराची विचारपूस! बाबासाहेबांनी 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतीला आणि उद्योगाला भांडवल पुरवण्याचं बंधन राज्यावर घातलं, तेही याच वाटेनं चालणारं आहे, असं मला वाटतं.

आजच्या योजना वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. मुद्रा योजना 8 एप्रिल 2015ला सुरू झाली. 'शिशु'मध्ये 50,000 रुपयांपर्यंत तारण लागत नाही. ज्या घराच्या नावावर सातबारा नाही, त्या घराला याची किंमत कळते. पण तारण नसलं तरी धोका सगळा बाईच्याच डोक्यावर. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात गावातल्या बाईला प्रकल्पाच्या 35 टक्के सबसिडी आहे, स्वतःचे फक्त 5 टक्के. ऐकायला दान वाटतं. प्रत्यक्षात ती रक्कम तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहते आणि मग कर्जात वळती होते. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, हे खरं. पण धंद्याची पहिली तीन वर्षंच तर जिवावरची असतात. आधी कर्ज, मग दान. पुरोहितानं राजाला नेमकं उलट सांगितलं होतं.

आमच्या गटातल्या एका बाईला शिलाई मशीन हवी होती. जवळच्या गावात चांगली जुनी मशीन स्वस्तात मिळत होती. ती हात फिरवून, सुई-दोरा घालून, पिको करूनसुद्धा बघून आली होती. बँकेत सांगितलं, जुन्याचं चालत नाही, जीएसटीचं कोटेशन आणा. नांदेडहून नव्या मोटरच्या मशीनचं कोटेशन आणलं. गरजेच्या तिप्पट कर्ज काढल्याशिवाय तिला कर्ज मिळणार नव्हतं. तिनं ते कोटेशन पासबुकात घडी करून ठेवलं आणि गटाकडे आली.

गटाकडे फिरता निधी होता. सरकार तो गटाला देऊन टाकतं, परत मागत नाही. आधी 15,000 असायचा, आमच्या गटाला तेवढाच मिळाला; 2023मध्ये राज्यानं तो 30,000 केला. कूटदन्ताच्या गोष्टीशी जुळणारी सरकारी कागदावरची मला सापडलेली गोष्ट ती एवढीच. साहेब लोक म्हणतात, फुकट दिलं की उडवतात, परतफेडीची शिस्त हवी. शिस्त हवीच, मी स्वतः गट चालवायची दशसूत्री, म्हणजे दहा नियम, शिकवते. पण ती कुणापुढे पाळायची, हा प्रश्न आहे. त्या बाईनं या निधीतून पैसे घेऊन जुनी मशीन घेतली. कापूस वेचायच्या दिवसांत शिलाई बंद पडली, तेव्हा तिनं बैठकीत उठून सांगितलं, आणि गटानं हप्ता पुढे ढकलला. ओट्यावर कुणी जाऊन बसलं नाही. दिवाळीनंतर तिनं सगळे पैसे फेडले. तिच्यानंतर त्या पैशांत शेळ्या आल्या, मग एकीच्या मुलीची नर्सिंगची फी गेली.

सरकारनं पहिलं भांडवल असंच द्यावं, हत्याराच्या किमतीइतकं, कायमचं. कर्ज त्यानंतर, धंदा वाढवायला. आमच्या गटाच्या 15,000 रुपयांचा पै-पैचा हिशेब दप्तरात आहे. कुणाही साहेबांनी येऊन बघावा.