कामाची किंमत व माणसाची किंमत

स्त्री-पुरुषांविषयीच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या माणसाचा प्रश्न निघाला की पुष्कळ जण म्हणतात, 'विज्ञानाला खासगी जीवनाशी काय कर्तव्य? काम चोख असले म्हणजे झाले.' हे बोलणे न्यायाचे वाटते. परंतु व्यवहार नेहमीच तसा नसतो.

अमेरिकेतील लिन कॉन्वे यांचेच उदाहरण घ्या. १९६४ साली त्या आयबीएम कंपनीत लागल्या. संगणकाने आज्ञा केवळ क्रमाने न पाळता, तयार असतील त्या अनेक आज्ञा एकदम कशा पार पाडाव्यात, याची रीत त्यांनी तेथे शोधली. जन्मतः त्यांना पुरुष गणले गेले होते. आपण यापुढे स्त्री म्हणून जगणार, हे कळल्यावर १९६८ साली कंपनीने त्यांना काढून टाकले. कामात खोट नव्हती. नव्या नावाने, साध्या प्रोग्रामरच्या कामापासून त्यांनी पुन्हा आरंभ केला. पुढे कार्व्हर मीड यांच्यासह लिहिलेल्या १९८० च्या पाठ्यपुस्तकाने चिपचा आराखडा करण्याची विद्या त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती दिली. तरी हेही हातचे जाईल या धास्तीने त्यांनी पूर्वायुष्य सुमारे तीस वर्षे झाकून ठेवले. त्यामुळे पहिल्या शोधाचे श्रेयही मागता येईना. कंपनीने क्षमा मागितली ती २०२० साली, ५२ वर्षांनी. २०२४ साली त्या निवर्तल्या.

'अशी माणसे गमावण्यात नुकसान आपलेच', हा बोध यावरून सहज निघतो. आम्हांस तो अपुरा वाटतो. त्यांच्या जागी बेताच्या बुद्धीचा, पण इमानाने आराखडे काढणारा कोणी असता, तर त्याला घालविणे योग्य ठरले असते काय? ज्याची जागा केवळ असामान्य गुणांवर टिकते, त्याला लोक चालवून घेतात, आपला मानीत नाहीत. न्याय हा हुशारीचे बक्षीस नव्हे.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नव्हेत, असे ठरविले. कायदा शिक्षेचे भय घालवू शकतो. शेजारच्या मेजावरची कुजबुज थांबविणे मात्र तेथे बसणाऱ्यांच्याच हाती असते.

शिक्षक बंधुभगिनींनो, ती कुजबुज मोठेपणी एकाएकी येत नाही. वर्गात एखाद्या मुलाच्या चालण्याबोलण्याची नक्कल होऊन सारे हसतात, तेव्हाच तिचा पहिला धडा गिरविला जातो. तो धडा तेथेच पुसावा. ते मूल पुढे शास्त्रज्ञ होवो वा न होवो.