परक्याचे पार्सल



विलायतेत राहणाऱ्या आपल्या बहुतेक कुटुंबांना हा अनुभव केव्हा ना केव्हा आलेला असेल. संध्याकाळी कामावरून दमून यावे, तो दारात पुठ्ठ्याचा एक खोका. उचलून पाहावे तर त्यावर नाव आपले नाही. कधी ते शेजाऱ्याचे असते, कधी आपल्या आधी या घरात राहून गेलेल्या भाडेकरूचे, तर कधी अगदीच अनोळखी. बाब तशी क्षुल्लक. तरी त्या वेळी आपण काय करतो, यात आपल्या संस्कारांची बरीचशी परीक्षा होऊन जाते, असे आम्हांस वाटते. हे आम्ही उपदेश म्हणून लिहीत नाही. या परीक्षेत आम्ही स्वतः नापास झालो आहोत, म्हणून लिहीत आहोत.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबर महिना, शुक्रवारची दुपार. या दिवसांत लंडनला चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे घरात शब्बाथच्या तयारीची एकच घाई. किद्दुशसाठी मनुकांचे शरबत गाळून झाले होते, बत्त्या लावायच्या होत्या. इतक्यात घंटी वाजली. दार उघडेपर्यंत आणणारा मुलगा गाडीत बसून निघूनही गेला होता. पायरीवर खोका, एका बाजूने पावसात भिजलेला. घराचा नंबर आमचाच, रस्त्याचे नावही आमचेच. पण आम्ही राहतो ‘रोड’वर आणि पत्त्यात होते ‘क्लोज’. या देशाची ही एक गंमतच आहे. एकच नाव रोडला, क्लोजला, ॲव्हेन्यूला आणि गार्डन्सलाही असते. १९७४ सालापर्यंत साऱ्या देशाला पोस्टकोड लागू झाले आणि एका पोस्टकोडात सरासरी पंधराएक पत्तेच येतात. इतकी बारीक विभागणी असूनही घाईतला माणूस नाव आणि नंबर पाहतो नि पुढे जातो.

खोका आम्ही आत घेतला आणि जिन्याखालच्या कपाटात रिकाम्या बॅगांपाशी ठेवला. शब्बाथ सुटला की नेऊन देऊ, असे ठरले. शनिवारी रात्री पाऊस होता. रविवारी पाहुणे आले. सोमवारी कामाची गडबड. मग खोका बॅगांच्या मागे सरकला आणि आमच्या मनातूनही सरकला. मुंबईला जाण्यासाठी बॅग काढली तेव्हा तो पुन्हा दिसला. दिवस मोजले तर सतरा भरले. शब्बाथ एका दिवसाचा. बाकीचे सोळा दिवस आमच्या आळसाचे. आणि ते घर आमच्यापासून चालत सात मिनिटांवर!

दार एका वृद्ध इंग्रज बाईंनी उघडले. त्यांनी आमचे आभार मानले, आत बसवले, चहा केला. खोक्यात नातवासाठी मागवलेला कोट होता. वाढदिवस होऊन गेला होता, पण त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, “तो मुलगा सारखा सांगत होता की खोका मी दारात ठेवला. मी मात्र त्यानेच तो लांबवला असे कंपनीला लिहून दिले.” एवढे बोलून त्या गप्प बसल्या. आम्हीही गप्प.

त्याच दिवशी आम्ही दोघांनी मिळून कंपनीला पत्र लिहिले, की मुलाने रस्ता चुकवला, चोरी केली नाही. छापील उत्तर आले. आमच्या भागात आता दुसरा माणूस येतो. त्या मुलाचे पुढे काय झाले, ते आम्हांस आजतागायत कळलेले नाही.

वाचकहो, आम्ही तो खोका उघडला नव्हता. त्यातले एक बटणही घेतले नव्हते. कोणी विचारले असते तर छाती पुढे काढून सांगितले असते, की परक्याच्या वस्तूला आमच्या घरात हात लागत नाही. आणि तरीही एका गरीब मुलाच्या नावाला सतरा दिवस डाग लागून राहिला. चोरी कोणीच केली नव्हती, पण चोर मात्र ठरला होता.

आता या देशाचा कायदा काय म्हणतो ते पाहू. २००० सालच्या पोस्टल सर्व्हिसेस ॲक्टच्या ८४ व्या कलमाप्रमाणे, टपालाने आलेली वस्तू चुकून आपल्याकडे पोहोचली आहे हे ठाऊक असताना, किंवा तशी रास्त शंका असताना, दुसऱ्याचे नुकसान करण्याच्या हेतूने आणि योग्य कारणाशिवाय ती उघडणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. टपालाने न येता खाजगी गाडीने आली म्हणून ती वस्तू आपली होत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ चा थेफ्ट ॲक्ट आहे. त्यात एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे: वस्तू प्रथम निर्दोषपणे हाती आली असली, तरी पुढे मालक असल्याप्रमाणे ती ठेवून घेणे म्हणजे बळकावणेच. वाजवी प्रयत्न करूनही मालक सापडणार नाही, असे एखाद्याला प्रामाणिकपणे वाटत असेल, तर कायदा त्याला अप्रामाणिक म्हणत नाही. पण खोक्यावर नाव, नंबर, पोस्टकोड सारे छापलेले असताना असे कोण म्हणू शकेल?

आपल्या मंडळींत आणखी एक समज ऐकू येतो, की न मागता आलेली वस्तू या देशात आपलीच होते. हा समज १९७१ च्या एका कायद्यामुळे पसरला असावा. त्या काळी काही व्यापारी लोकांच्या घरी न मागवलेला माल पाठवीत आणि मग पैशांचा तगादा लावीत. त्यांना आळा घालण्यासाठी तो कायदा झाला आणि ग्राहकाचे ते संरक्षण पुढच्या नियमांतही टिकले. परंतु ते आपल्याला म्हणून पाठवलेल्या मालाबद्दल आहे. शेजाऱ्याच्या नावाचा खोका त्यात बसत नाही.

थोडक्यात, जो उघडतो आणि जो ठेवून घेतो, त्याला कायदा पकडतो. आमच्यासारख्या विसरभोळ्याला मात्र तो काही म्हणत नाही. आपली तोरा म्हणते.

देवारीम म्हणजे अनुवाद या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात मोशे राबेनूंनी हा नियम घालून दिला आहे. भावाचा बैल किंवा मेंढरू भरकटलेले दिसले तर पाहून न पाहिल्यासारखे करायचे नाही, ते त्याला नेऊन द्यायचे. भाऊ जवळपास राहत नसेल किंवा तो कोण हे ठाऊक नसेल, तर तो शोधत येईपर्यंत ते आपल्या घरी सांभाळायचे. गाढव असो, वस्त्र असो, दुसरी कोणतीही हरवलेली वस्तू असो, नियम एकच. शेमोथ म्हणजे निर्गमाच्या २३ व्या अध्यायात तर शत्रूच्या जनावराबद्दलही असेच सांगितले आहे. यात आमच्या मनाला लागला तो एक हिब्रू शब्द. पाहून न पाहिल्यासारखे करणे यासाठी जो शब्द वापरला आहे, त्याचा अर्थ स्वतःला लपवणे असा होतो. कपाटात खोका होता, पण लपलो होतो आम्ही.

इसवी सन २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्नामध्ये, बाबा मेसिया या भागाच्या दुसऱ्या अध्यायात, सापडलेल्या वस्तूंचा बारकाईने विचार आहे. विखुरलेली नाणी किंवा विखुरलेली फळे, ज्यांवर मालकाची काही खूण नाही, ती सापडणाऱ्याची. ज्यांवर खूण आहे, त्यांची दवंडी पिटलीच पाहिजे. आपल्या खोक्यावर तर मालकाचे नावच लिहिलेले! याहून मोठी खूण कोणती?

त्याच अध्यायात वस्तू घरात असताना तिची निगा कशी राखावी, हेही सांगितले आहे. वस्त्र असेल तर तीस दिवसांतून एकदा झटकावे. ग्रंथाची गुंडाळी असेल तर तीस दिवसांतून एकदा उलगडून वाचावी, म्हणजे ती कुजणार नाही. जे जनावर खाते पण काम देत नाही, ते विकून त्याचे पैसे मालकासाठी ठेवावे. आणि सोन्याची किंवा काचेची भांडी असतील तर एलियाहू हन्नाबी येईपर्यंत त्यांना हात लावू नये. अलिबागजवळ खंडाळ्याला ज्यांच्या टापाच्या दर्शनाला आपले लोक जातात, ज्यांच्या नावाने घरोघरी आपण मलिदा करतो, तेच हे एलियाहू हन्नाबी. परक्याच्या वस्तूचा मालक सापडला नाही, तर शेवटचा निवाडा त्यांनी येऊन करायचा, आपण नव्हे.

तालमूदच्या तानीथ भागात रब्बी हनिना बेन दोसा यांची कथा आहे. एक वाटसरू त्यांच्या दाराशी कोंबड्या विसरून गेला. रब्बी अत्यंत गरीब, तरी घरच्यांना त्यांनी अंडी खाऊ दिली नाहीत. कोंबड्यांची पिले वाढली, त्रास होऊ लागला, तेव्हा त्या विकून त्यांनी बकऱ्या घेतल्या. पुढे केव्हातरी तोच वाटसरू त्या रस्त्याने जाताना सोबत्याला म्हणाला, की येथेच मी माझ्या कोंबड्या सोडल्या होत्या. रब्बींनी ते ऐकले, त्याला खूण विचारली, आणि खूण पटताच बकऱ्या त्याच्या स्वाधीन केल्या. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आम्हांला त्या बकऱ्यांचे नवल वाटे. आज नवल वाटते ते रब्बींच्या ध्यानात राहण्याचे. इतके दिवस लोटले तरी त्या कोंबड्या कोणा दुसऱ्याच्या आहेत, हे ते एक दिवसही विसरले नाहीत.

कोणी म्हणेल, तोरेत भाऊ म्हटले आहे. येथला शेजारी यहुदी नाही. त्याला शिमोन बेन शेताह यांची यरुशलेमच्या तालमूदमधील गोष्ट सांगावी. शिष्यांनी त्यांच्यासाठी एका परधर्मी माणसाकडून गाढव विकत घेतले. त्याच्या गळ्यात एक मोती अडकलेला सापडला. शिष्यांना वाटले, गुरुजींचे दैन्य फिटले. गुरुजींनी मोती परत पाठवला. गाढव विकत घेतले होते, मोती नव्हे. तो माणूस यहुद्यांच्या देवाचा धन्यवाद करील, हीच त्यांना मोठी कमाई वाटत होती. आपल्या दारावर मेझुझा आहे, चेहरा हिंदी आहे. शेजारी आपल्याला ज्या मापाने मोजतो, त्याच मापाने तो पुष्कळांना मोजणार.

दुसरा कोणी म्हणेल, चूक कंपनीची, मग पाय आम्ही का दुखवायचे? प्रश्न रास्त आहे. आपले शास्त्रकारही अवाजवी मागणी करीत नाहीत. स्वतःची आणि परक्याची अशा दोन्ही वस्तू हरवल्या असतील, तर आधी स्वतःची शोधावी, असे त्याच मिश्नात सांगितले आहे. वृद्धाने किंवा आजाऱ्याने थंडीत दारोदार हिंडावे, अनोळखी घराची घंटी रात्री वाजवावी, असे कोणीच म्हणत नाही. पण कंपनीला फोन करायला घराबाहेर पडावे लागत नाही. रॉयल मेलची वस्तू दुसऱ्याच पत्त्याची असेल, तर चुकीच्या घरी आल्याचे लिहून लाल पेटीत टाकता येते. घर सोडून गेलेल्या माणसाची असेल, तर पत्त्यावर काट मारून तो येथे राहत नाही असे लिहावे आणि टाकावी. तिकीट लागत नाही. पेटीत न मावणारी पोस्टात द्यावी. खोक्यात नाशवंत खाद्य किंवा औषध दिसत असेल, तर त्याच दिवशी कळवावे. आणि नजरचुकीने उघडले गेलेच, तर पुन्हा बंद करून चूक सरळ सांगावी.

शिवाय २०१२ पासून रॉयल मेलला घरी कोणी नसल्यास शेजाऱ्याकडे पार्सल ठेवण्याची परवानगी आहे. म्हणजे आज ना उद्या आपले पार्सलही कोणाच्या तरी जिन्याखाली वाट पाहत बसणार आहे!

२०१३ साली आलेला ‘द लंचबॉक्स’ हा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. मुंबईच्या डबेवाल्याच्या हातून डबा चुकतो, भलत्याच माणसाकडे जातो, आणि त्यातून दोन एकाकी जिवांची पत्रमैत्री जमते. ती जमते कशामुळे? डबा रोज संध्याकाळी परत जातो म्हणून. तो कोणा कपाटात पडून राहता तर गोष्ट तेथेच संपली असती.

मुंबईच्या चाळीत आमच्या आजी एक गोष्ट नेहमी सांगत, “परक्याची वस्तू म्हणजे परक्याचं लेकरू. घरात आलं तर आधी त्याच्या आईला कळवावं, मग आपला चहा घ्यावा.” चाळीत ते सोपे होते, गॅलरीत उभे राहून हाक मारली की झाले. येथे दारे बंद आणि शेजाऱ्याचे नाव वर्षानुवर्षे ठाऊक नाही. पण म्हणूनच येथे आजींच्या बोलण्याची गरज अधिक आहे.

त्या वृद्ध बाईंकडे आम्ही अधूनमधून जातो. रोश हशानाला त्यांना करंज्या नेऊन देतो. त्या मुलाचा विषय दोघांपैकी कोणीच काढत नाही, पण तो दोघांच्याही मनात असतो. आमच्या घरी आता एक नियम झाला आहे: परक्याचा खोका कपाटात जात नाही. तो दाराशीच, जोड्यांच्या शेजारी, वाटेत ठेवायचा. येता-जाता पायाला लागला पाहिजे.

शालोम.