नाव तीच कशी राहते?

लाकडी नावेच्या फळ्या एकेक करून बदलत गेल्या आणि शेवटी मूळची एकही उरली नाही, तर ती नाव तीच की दुसरी? तत्त्वज्ञानात हा प्रश्न ‘थिसियसचे जहाज’ या नावाने ओळखला जातो. तो अथेन्समध्ये विचारला गेला. ग्रीस, तुर्कस्तान आणि सायप्रसच्या किनाऱ्यांवर जुन्या लाकडी नौका चालवणाऱ्यांना, त्यातही नौकेवरच घर करून राहणाऱ्यांना, तो आजही सुटलेला नाही. त्यांना तो हातात हत्यार घेऊन सोडवावा लागतो.

प्लुटार्कने थिसियसच्या चरित्रात मूळ हकिकत दिली आहे. क्रीटहून तरुण-तरुणींना सोडवून थिसियस ज्या तीस वल्ह्यांच्या नावेतून परतला, ती अथेन्सकरांनी फालेरॉनच्या डेमेट्रियसच्या काळापर्यंत, म्हणजे इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत जपली. कुजलेली फळी काढायची आणि तिच्या जागी नवी, भक्कम फळी बसवायची, असा क्रम चालू राहिला. ही नाव तीच आहे असे काही तत्त्वज्ञ म्हणत, तर काही ते नाकारत. पुढे 1655 मध्ये थॉमस हॉब्जने या कोड्याला आणखी एक पीळ दिला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी साठवून ठेवल्या आणि त्याच क्रमाने पुन्हा जोडल्या, तर दोन नावांपैकी खरी कोणती?

कोडे सांगताना एक गोष्ट बहुतेक वेळा गळते. ही नाव देखाव्यासाठी जपलेली नव्हती. मुले सुखरूप परतली तर दर वर्षी डेलोस बेटावर यात्रा पाठवू, असा नवस अपोलोला बोललेला होता आणि ती यात्रा याच नावेतून जाते, असे अथेन्सकर मानत. प्लेटोच्या ‘फीडो’ या संवादात ते स्पष्ट आले आहे. नाव परत येईपर्यंत नगर शुद्ध राखायचे आणि कोणालाही देहदंड द्यायचा नाही, असा नियम होता. इ.स.पू. 399 मध्ये सॉक्रेटिसच्या खटल्याच्या आदल्याच दिवशी नावेला हार चढून यात्रा सुरू झाली होती. ती परत येईपर्यंत, झेनोफॉनच्या सांगण्याप्रमाणे तीस दिवस, सॉक्रेटिस तुरुंगात जिवंत राहिला. नाव तीच नसती तर नवस फिटला नसता आणि त्या तीस दिवसांना आधारही उरला नसता. फळ्यांचे वय मोजणाऱ्याला हे दिसत नाही.

आता प्रत्यक्ष लाकडाकडे वळू. एजियन समुद्रातली जुनी ओळखीची नौका म्हणजे ‘त्रेखांदिरी’, तुर्की किनाऱ्यावरची ‘तिरहांदिल’. दोन्ही टोकांना निमुळती, पोटाला रुंद आणि लाटेवर हलकी. बोडरूम आणि बोझबुरुनकडे तिच्यापेक्षा मोठ्या ‘गुलेत’ बांधतात. आज या नौका बांधताना आधी तळाचा कणा आणि फासळ्या उभ्या करतात, मग त्यांवर फळ्या ठोकतात. त्यामुळे फळी बदलणे तुलनेने सोपे असते. प्राचीन ग्रीक जहाजांत फळ्या काठाला काठ लावून, खाचेत लाकडी जिभा बसवून आधी जोडत आणि फासळ्या मागाहून घालत. अशा बांधणीत मधलीच एक फळी बदलायची म्हणजे शेजारच्या फळ्यांशी जुळलेल्या जिभाही कापाव्या लागत. तेव्हा थिसियसच्या नावेची दुरुस्ती कोड्यात भासते तितकी सरळ नव्हती. तिच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे सुतारकाम होते.

नौकेवर राहणाऱ्याला हे काम टळत नाही. लाकडाला खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाच्या गोड्या पाण्याची भीती जास्त, कारण कूज त्यातून धरते. म्हणून जुने खलाशी तक्तपोशी समुद्राच्याच पाण्याने धुतात. पाण्याखालच्या भागाला लाकूड पोखरणारे जीव लागतात, त्यासाठी नौका ओढून काठावर घ्यायची, खरवडायची आणि विषारी रंग लावायचा. पण ती काठावर फार दिवस राहिली तर उन्हाने फळ्या आक्रसतात आणि सांधे उघडतात. पुन्हा पाण्यात उतरवली की लाकूड फुगून सांधे मिटेपर्यंत पाणी उपसत बसावे लागते. पाण्यात पोखरली जाते आणि कोरडी तडकते अशी ही वस्तू आहे. वापर आणि निगा यांपासून वेगळे असे तिचे अस्तित्वच नाही.

सायप्रसच्या किरेनिया बंदराजवळ 1965 मध्ये आंद्रेआस कारिओलू या पाणबुड्याला एक बुडालेले व्यापारी जहाज दिसले. मायकेल कॅट्झेव्ह यांच्या नेतृत्वाखाली 1968 व 1969 मध्ये त्याचे उत्खनन झाले. सुमारे 14 मीटर लांबीचे हे जहाज इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या सुमारास बुडाले. त्यावर चारशेच्या आसपास मातीचे रांजण, हजारो बदाम आणि चौघांची भांडी सापडली. त्याची एकाहून अधिक वेळा डागडुजी झाली होती, म्हाताऱ्या लाकडावर शिशाचे पत्रेही ठोकले होते. वर काढलेले लाकूड रसायनात मुरवून आता किरेनियाच्या किल्ल्यात ठेवले आहे. 1985 मध्ये त्याच बांधणीची ‘किरेनिया 2’ पाण्यात उतरली आणि एजियन ओलांडून सायप्रसला गेली. हॉब्जचे कोडेच इथे साकार झाले. किल्ल्यात द्रव्य राहिले, समुद्रावर आकार गेला. तरीही यांपैकी एकही ते जहाज नाही. ते बुडाले तेव्हा निगा राखणाऱ्या हातांची साखळी तुटली. मूळची एकही फळी न उरलेली, पण अखंड चालत आलेली त्रेखांदिरी मात्र तीच आहे.

याच्या उलट मत ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, याला भदंत नागसेन विचारतात: आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? यांतले काहीच रथ नाही, ‘रथ’ हा केवळ व्यवहार. मराठीत ‘नाव’ या एकाच शब्दात नौका आणि संज्ञा दोन्ही मावतात, हे नागसेनांना पटले असते. पण त्याच ग्रंथात आंबेचोराचा दाखलाही आहे. चोर म्हणतो, मालकाने पेरलेले आंबे वेगळे आणि मी तोडलेले वेगळे. तरीही तो दोषी ठरतो, कारण दुसरे पहिल्यांतूनच आले. वस्तूत नित्य गाभा नसला तरी परंपरेतून ऋण पुढे जाते. डेलोसचा नवस असाच पुढे गेला.

नाव म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे एक उत्तर अलीकडे कायद्यानेही दिले: परवाना आणि लाकूड एकच. माशांचे साठे वाचवण्यासाठी युरोपीय संघाने मासेमारीचे परवाने परत करणाऱ्यांना भरपाई देऊ केली, आणि ग्रीसमध्ये परवान्याबरोबर नौकाही नष्ट करण्याची अट आली. परवाना कागदाचा होता, तो रद्द करून नौका ठेवता आली असती. तसे न होता हजारो ‘काइकी’, म्हणजे लाकडी मासेमारी नौका, यंत्राखाली चिरडल्या गेल्या. त्यांपैकी अनेक चांगल्या स्थितीत होत्या आणि आपल्याच बळावर शेवटच्या धक्क्याला आल्या होत्या.