दगड कुणी खाली ठेवायचा?



वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या इमारतींतील घरांच्या चाव्या मिळाल्या. ती बातमी वाचताना मला ह्याच चाळींतील जुने भांडण आठवले. पुढे युवकांच्या वर्गात 'समेट कसा घडवावा' हा विषय आला, तेव्हा मी तेच उदाहरण घेतले.

५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या आंबेडकर मैदानात दलित पँथरची सभा होती. मध्य मुंबईतील लोकसभा पोटनिवडणुकीवर बहिष्काराची हाक द्यायची होती. भाषणे जहाल झाली, काहींना ती झोंबली. सभेवर दगड आले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि दंगल पेटली. १० जानेवारीला निषेधाचा मोर्चा परळला पोहोचला. तेथे वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव हा तरुण ठार झाला. पुढे काही महिने दंगल अधूनमधून भडकतच राहिली. शासनाने न्या. भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला.

आता चाळ डोळ्यांपुढे आणा. १६० चौरस फुटांची खोली, सामाईक संडास, सामाईक जिना. काही इमारतींत प्रामुख्याने बौद्ध, काहींत सवर्ण हिंदू. काहींत तर पोलिसांचीच कुटुंबे! मध्यस्थी करायची तरी कुणी?

मी मुलांचे तीन गट केले. दोन गट दोन चाळींचे, तिसरा मध्यस्थांचा. अर्ध्या तासात मध्यस्थ करार घेऊन आले. एका बाजूने मैदानात सभा घ्यायची नाही, दुसऱ्या बाजूने दगड मारायचे नाहीत, दोघांनीही तक्रारी मागे घ्यायच्या. मी खूश झालो. शाबासकीही दिली.

तेव्हा बौद्धांच्या गटातील एक मुलगी उठली. ''सर, आम्ही सभा सोडली. त्यांनी काय सोडलं? दगड मारणं हा त्यांचा हक्क होता का?''

मी निरुत्तर झालो. दोघांनी एकेक पाऊल मागे यावे, हे ऐकायला गोड वाटते. पण एक आपल्या अंगणात उभा असेल आणि दुसरा त्याच्या छातीवर, तर दोघांचे एकेक पाऊल सारखे कसे? आपण मध्यस्थ बहुधा आधी गप्प बसवायला बघतो, आणि ज्याला गप्प बसायची सवय आहे त्यालाच आधी गप्प बसवतो. घरातही हेच. सासू-सुनेच्या भांडणात ''तू लहान आहेस, तू सोड'' हे कुणाला सांगतात, ते आपल्याला ठाऊक आहे.

मत्तयच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात वेदीपाशी आलेल्या माणसाला अर्पण तसेच ठेवून आधी भावाकडे जायला सांगितले आहे. पण कुणाला? ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे, त्याला. इतकी वर्षे मी हे वाचन ऐकले, पण कुणी निघायचे हे कधी नीट पाहिले नव्हते.

आम्ही पुन्हा सुरुवात केली. दक्षिण आफ्रिकेतील सत्य आणि समेट आयोगाविषयी मी थोडे सांगितले. बिशप टुटू त्याचे अध्यक्ष होते. तेथे माफी हवी असेल तर आपण काय केले ते आधी पूर्णपणे सांगावे लागे. म्हणून ह्या वेळी अट एकच: कराराआधी दगड कुणी मारले ते सांगायचे.

सवर्ण गटातील मुलगा बराच वेळ मान खाली घालून बसला. मग म्हणाला, ''मी नाव घेतलं, तर तो माझा चुलतभाऊ निघेल. उद्या आई त्याच जिन्यावरून खाली उतरणार आहे.''

मघाची मुलगी म्हणाली, ''माझ्या आईलाही त्याच रस्त्यानं जायचंय.''

दुसऱ्या करारावर त्या दिवशी कुणाची सही झाली नाही. वर्ग सुटल्यावरही ती दोघे गेटपाशी बोलत उभी होती. मी कुलूप लावायचे थांबलो.